चंद्रावर धाडलेला धूर

मुलांनो, आधी एक कोडं. उत्तर मनात ठरवा आणि मगच पुढे वाचा.

तुमचं एक माणूस फार लांब गेलं आहे. त्याच्या आवडीचं जेवण तुम्ही त्याला पाठवू शकता, पण अट अशी आहे: एकतर ते जेवण त्याला झाकणातून दिसेल, नाहीतर झाकण काढल्यावर त्याचा वास येईल. दोन्ही मिळणार नाही. तुम्ही काय निवडाल?

मी नऊ वर्षांची असताना चुकीचं उत्तर निवडलं होतं. ते बरोबर करायला मला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांची ही गोष्ट आहे.

माझी आई तेव्हा चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर होती. तिथल्या कायमच्या सावलीतल्या विवरांमध्ये बर्फ आहे. तो खणून त्याचं पाणी करणाऱ्या यंत्रांची ती देखभाल करायची. एका वर्षासाठी म्हणून गेली होती, आणि आठव्या महिन्यात कळलं की तिला अजून एक वर्ष थांबावं लागणार.

दर रविवारी ती पडद्यावर दिसायची. चंद्रापर्यंत आवाज पोहोचायला सव्वा सेकंद लागतो आणि परत यायला तेवढाच. म्हणून मी काही बोलले की मनात "एक, दोन, अडीच" मोजायचे आणि मग आई हसायची. सगळ्या विनोदांवर उशिरा हसणारी आई मला सवयीची झाली होती.

त्या रविवारी मी विचारलं, "आई, तुला काय पाठवू?"

एक, दोन, अडीच.

"भरीत," ती म्हणाली. मग जराशाने म्हणाली, "शरू, एक गंमत सांगू? इथे कपड्यांना, हातांना, सगळ्याला चंद्रावरच्या धुळीचा वास येतो. उडवून झालेल्या फटाक्यांसारखा. दुसरा वासच नाही. काल मी शेतातल्या भरिताचा वास आठवायला बसले. शेत आठवलं, तुझ्या पप्पांचं काळं झालेलं नाक आठवलं, वास काही येईना. विसरले की काय मी?"

ती हसत होती. पण पप्पा पडद्यासमोरून उठून पाणी प्यायला गेले, आणि तहान लागल्यासारखे ते दिसत नव्हते.

खानदेशात ज्यांचं बालपण गेलं नाही त्यांना भरीत म्हणजे काय ते सांगायला हवं. थंडीत शेतात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या आणि त्यात मोठाली हिरवी वांगी टाकायची. साल काळी ठिक्कर पडली, वांगं मऊ होऊन बसलं, की सोलून लाकडी बडगीत (भरीत ठेचायच्या खोलगट भांड्यात) घालून लाकडानेच ठेचायचं. मग मिरची, लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा. आणि शेवटी वरून तेलाची धार. ती धार नाही पडली तर आमच्याकडे त्याला भरीत म्हणत नाहीत, वांग्याची भाजी म्हणतात. त्या काड्यांचा धूर वांग्यात असा शिरतो की जेवून झाल्यावरही हातांना त्याचा वास संध्याकाळपर्यंत येत राहतो. आज इतकी वर्षं झाली, तशी कपाशी आता कोणी लावत नाही, पण एखाद्या थंड सकाळी मी अजून हात नाकाशी नेऊन बघते.

तर, मार्चमध्ये चंद्राकडे एक यान जाणार होतं. तिथल्या प्रत्येक माणसाच्या घरून एक डबा, तीनशे ग्रॅमचा, न्यायची मुभा होती. डबा वर्षभर टिकला पाहिजे, असा नियम होता. यान कधी उडेल आणि माल कधी उघडला जाईल याचा भरवसा नसायचा. घरच्यांनी नमुना तयार करून तपासून घ्यायचा. तीन संधी. तिन्ही नापास झाल्या तर त्या जागी ठरलेलं सरकारी जेवण जायचं, पिठल्याची पूड.

आमच्या भागातली तपासणी यावल रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत व्हायची. पूर्वी तिथे केळी पिकवत. भिंतींना तो गोडसर वास अजून होता. तिथल्या प्रमुख भंगाळे मॅडम, आणि त्यांच्या हाताखाली एक यंत्रमानव. त्याला तोंड नव्हतं. दोन लांब हात, एक कॅमेरा आणि छातीवर जाळी लावलेली पेटी, ती त्याचं नाक. दिवसभर डब्यांना झाकणं चिकटवायचा म्हणून सगळे त्याला चिकट्या म्हणत.

"नमस्कार, शर्वाणीबाई," तो म्हणाला.

"बाई?" पप्पा हसले. "अहो, हिला अजून वेणी घालता येत नाही."

"वेणीचा नियमांत उल्लेख नाही," चिकट्या म्हणाला. "अर्ज यांच्या नावाने आहे. डबा कोणता घ्यायचा ते यांनी सांगायचं."

फळीवर पन्नासेक रिकामे डबे मांडले होते. मी काचेसारखा स्वच्छ दिसणारा उचलला. आईला झाकण न काढताही भरीत दिसावं, असं माझ्या मनात होतं. झाकणाचा पातळ पापुद्राही मी पारदर्शक निवडला, हाताला मऊ लागणारा.

"हा डबा पेट या प्लास्टिकचा आहे," चिकट्या म्हणाला. "पाण्याच्या बाटल्या ज्याच्या करतात ते. आणि या पापुद्र्याची आतली बाजू पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची आहे. बघू या."

त्याने डब्यावर पापुद्रा ठेवला आणि वरून तापलेली चौकट दाबली. दोन सेकंद. चौकट उचलली तर झाकण छान बसलेलं दिसलं. मी टाळ्या वाजवल्या. चिकट्याने एक कोपरा धरून ओढला आणि अख्खं झाकण ओल्या कागदासारखं सुटून आलं.

"चिकटलं होतं ना!" मी म्हणाले.

"टेकलं होतं. चिकटणं वेगळं. शर्वाणीबाई, आपल्या घरी करंजी करतात?"

"आई करते."

"करंजीच्या दोन कडा दाबल्यावर एक का होतात? त्यांच्यात डिंक तर नसतो."

मी विचार केला. "दोन्हीकडे तेच पीठ असतं म्हणून."

"अगदी बरोबर. इथेही तेच. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब रेणूंचा (पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांचा) गुंता, दोऱ्यांच्या गुंडाळ्यासारखा. उष्णतेने ते दोरे सैल होतात. दोन्हीकडे एकाच जातीचं प्लास्टिक असेल, तर इकडचे दोरे तिकडे घुसतात, तिकडचे इकडे येतात आणि थंड झाल्यावर तसेच गुंतून बसतात. याला उष्णसांधा (गरम करून केलेला जोड) म्हणतात. जात वेगळी असेल तर ते एकमेकांत शिरत नाहीत. करंजीची एक कड मैद्याची आणि दुसरी ज्वारीच्या भाकरीच्या पिठाची केली तर काय होईल?"

"तेलात जाऊन तोंड उघडेल," पप्पा म्हणाले.

मग आम्ही आतून पेट असलेलं झाकण घेतलं. ते असं बसलं की पप्पांनाही सुटेना. त्यात भरीत भरून चिकट्याने डबा मोठ्या वाफेच्या टाकीत ठेवला. वर्षभर टिकवायचं तर आतले सगळे जंतू मारावे लागतात. त्यासाठी आपल्या कुकरसारखी दाबाखालची वाफ लागते, एकशे एकवीस अंशांची.

अर्ध्या तासाने टाकी थंड करून उघडली. माझा काचेसारखा डबा काड्यांत भाजलेल्या वांग्यासारखा खाली बसला होता.

"हे पेट सत्तर-ऐंशी अंशांतच मऊ पडतं," चिकट्या म्हणाला. "पहिली संधी संपली."

"मग आधी का नाही सांगितलं?" मी रडकुंडीला येऊन ओरडले.

"आपण विचारलं नव्हतं. आपण फक्त 'हा द्या' म्हणालात."

हे मला लागलं. पण त्या दिवसापासून आजपर्यंत, कुठलीही वस्तू निवडताना मी "ही कशी दिसते" याआधी "हिला काय काय सोसायचं आहे" हे विचारते.

दुसऱ्या वेळी मी विचारून घेतलं. पॉलिप्रॉपिलीन एकशे एकवीस अंश सोसतं. त्याचा डबा दुधी रंगाचा असतो, आतलं धूसर दिसतं. चालेल, म्हटलं. झाकणही त्याच जातीचं. सांधा पक्का बसला, वाफेतून डबा ताठ बाहेर आला. मग चिकट्याने तो गरम कपाटात ठेवला. तिथे पंधरवड्याचं जुनं होणं काही दिवसांत उरकतं.

चौथ्या दिवशी आम्ही गेलो. चिकट्याने कपाटाचं दार किलकिलं केलं आणि छातीवरची नाकाची पेटी पुढे केली. पण त्याने काही सांगायची गरजच नव्हती. मला स्वतःलाच आला. धूर, लसूण, शेत.

"शर्वाणीबाई, आपलं भरीत कपाटभर पसरलं आहे."

"पण डबा तर फुटला नाही!"

"नाही फुटला. आपल्या अंगणात सुंभाची बाज आहे?"

"आहे."

"तिच्यावर नारळ ठेवला तर पडेल?"

"नाही."

"आणि राजगिरा ओतला तर?"

मी बाज डोळ्यांसमोर आणली. बाजेच्या विणीतून राजगिरा खाली सांडणारच. प्लास्टिकच्या दोऱ्यांची वीणही अशीच असते, चिकट्याने सांगितलं. पाणी, तेल, वांगं तिच्यातून जात नाही. पण वासाचे कण फार बारीक. ते एकेक करून त्या विणीतून निसटतात, दिवसामागून दिवस. आणि त्याच वाटेने बाहेरचा प्राणवायू (आपण श्वासात घेतो तो) आत जातो आणि तेल खवट करतो.

"म्हणजे आईला वर्षाने उघडल्यावर..."

"खवट तेलातलं वांगं मिळेल. धूर मिळणार नाही."

"मग वीण नसलेलं काय असतं?"

चिकट्याचा कॅमेरा माझ्याकडे वळला. मला वाटतं, त्याला प्रश्न आवडला होता. "धातू. त्यातले कण फरशी बसवल्यासारखे खेटून असतात. ॲल्युमिनियमचा वर्ख केसापेक्षा बारीक असला, तरी त्यातून वास जात नाही."

"पण वर्खातून दिसत नाही ना?"

"नाही. वास अडवणारी काही पारदर्शक प्लास्टिकंही आहेत, पण दाबाखालच्या वाफेत ती ओली होतात आणि काही दिवस त्यांची वीण ढिली पडते. वर्षभराची हमी मी देणार नाही. दिसणं किंवा वास, शर्वाणीबाई. एक निवडा."

हेच ते कोडं.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. पप्पा शेजारी येऊन बसले. त्यांनी पायाजवळचा एक खडा उचलून दूर भिरकावला. मग म्हणाले, "तुझ्या आईने काय मागितलं होतं? बघायला, की हुंगायला?"

"हुंगायला."

"आणि तुला काय दाखवायचं होतं तिला?"

"मी कसं छान भरून पाठवलं ते."

"मग ते झाकणावर काढ की."

असं ठरलं. डबा पातळ ॲल्युमिनियमचा, आतून पॉलिप्रॉपिलीनचा लेप. झाकण तीन थरांचं. सगळ्यात वर पेट, पण त्या डब्यासारखं नाही, ताणून पक्कं केलेलं, वाफ सोसणारं; कारण तापलेली चौकट त्याला टेकते आणि ते तिथे वितळत नाही, शिवाय त्यावर चित्र छापता येतं. मधे वर्ख, वास आणि प्राणवायू अडवायला. आणि खाली, डब्याकडे तोंड केलेला, पॉलिप्रॉपिलीनचा थर. म्हणजे कडेला जात तीच, करंजीसारखी. प्रत्येक थराला एकच काम, आणि कोणीच एकटा पुरेसा नाही.

"खालच्या थरात मी थोडी भेसळ असलेला घेतो," चिकट्या म्हणाला.

"भेसळ?" पप्पा दचकले.

"मुद्दाम केलेली. दुसऱ्या जातीचे थोडे दोरे मिसळले की सांधा गळत नाही, पण हाताने सोलता येतो. नाहीतर बाईंच्या मातोश्रींना बर्फ खणायचं यंत्र आणावं लागेल."

मी झाकणावर चित्र काढलं. शेत, काड्यांची आग आणि तिच्याभोवती तीन माणसं. तिसऱ्या माणसाला अंतराळवीराचं शिरस्त्राण.

तिसऱ्या नमुन्यासाठी पप्पांनी पहाटे शेतात नवीन वांगी भाजली. गरम भरीत डब्यात घातलं. चिकट्याने झाकण लावलं, वाफ दिली. मग डबा पाण्याखाली बुडवून त्यावरची हवा काढून घेतली. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा बाहेर यायला बघते. सांध्यात फट असेल तर बुडबुडे दिसतात.

आम्ही बघत राहिलो. काही नाही. काही नाही. आणि मग एका कोपऱ्यातून राजगिऱ्याएवढा एक बुडबुडा वर आला. मग दुसरा.

भंगाळे मॅडमनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. "डब्या-झाकणाची जोडी चुकली असेल तर संधी संपली, बेटा. नियम आहे. भरताना चूक झाली असेल तर एकदा पुन्हा भरता येतं. पण तसं दाखवावं लागेल. पाचपर्यंत यादी बंद होईल."

"माझ्या कॅमेऱ्याला कडेवर एकही कण दिसला नव्हता," चिकट्या म्हणाला. "जोडी चुकली असं मला लिहावं लागेल."

तीन वाजले होते. मी त्या डब्याच्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिले आणि मला दिवाळी आठवली. आधीच्या वर्षीची, आई असतानाची. मी करंजीत सारण भरत होते, तूप लागलेल्या बोटांनी कड दाबत होते, आणि ती न बघताच म्हणाली होती, "कडेला लागू देऊ नको गं, उमलेल ती." तिला कसं कळायचं कोण जाणे.

"पप्पा," मी म्हणाले, "तुम्ही तेलाची धार घातलीत?"

"म्हणजे काय? घातलीच! धार न घालता कसं देणार?"

"कधी?"

"ते झाकण ठेवायच्या आधी. हा तिकडे वळला होता तेव्हा." पप्पांनी चिकट्याकडे बोट केलं, आणि मग त्यांचं बोट हळूच खाली आलं. "अरे देवा."

तेल स्वच्छ असतं. कॅमेऱ्याला कण दिसतो, पण ओघळून पसरलेला तेलाचा पातळ पापुद्रा दिसत नाही.

पण मॅडमना बोलणं नको होतं, दाखवणं हवं होतं. मी रिकामा डबा मागितला, त्याच जोडीचा. एका कोपऱ्याला बोटाने तेल लावलं, बाकीचे तीन कोरडे ठेवले. "लाव," मी चिकट्याला म्हणाले.

त्याने झाकण लावलं. थंड झाल्यावर चारही कोपरे एकेक करून ओढून जोर मोजला. तीन कोपऱ्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले. तेलाचा कोपरा हात लावताच उठला.

"मधे तेलाची चादर होती," मी म्हणाले. "इकडचे दोरे तिकडे जाऊच शकले नाहीत."

चिकट्याने तो कोपरा कॅमेऱ्यासमोर धरला. "शर्वाणीबाई, माझ्या टिपणात दुरुस्ती करतो. जोडी बरोबर. माणूस खानदेशी."

भंगाळे मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा चष्मा काढावा लागला. "भरा परत," त्या म्हणाल्या.

पण पप्पा अडून बसले. "बिनधारेचं मी पाठवणार नाही. सहा महिन्यांनी ती उघडेल आणि म्हणेल, ह्यांनी वांग्याची भाजी पाठवली."

"धार आधी घाला," मी म्हणाले. "डब्याच्या तळाला. त्यावर भरीत. तेल पाण्याहून हलकं असतं ना? वाफेत भरीत सैल झालं की ते आपोआप वर येईल. झाकण लागल्यानंतर!"

पप्पांनी चिकट्याकडे पाहिलं. चिकट्याने पप्पांकडे.

"वेणी मात्र येत नाही हिला," पप्पा म्हणाले.

या वेळी चिकट्याने डब्याच्या कडेवर एक कोरं कडं ठेवलं आणि त्याच्या आतून मी चमच्याने भरीत सोडलं, श्वास रोखून. पाण्याखालच्या डब्यातून एकही बुडबुडा आला नाही. पाचला दहा मिनिटं कमी होती.

आईने तो डबा लगेच उघडला नाही. एप्रिल गेला, पावसाळा गेला. दर रविवारी मी विचारायचे आणि ती म्हणायची, "अजून नाही. आहे माझ्याजवळ." दिवाळीत तिने तो पडद्यासमोर आणला. झाकणावरच्या तीन माणसांवरून बोट फिरवलं आणि कोपरा धरून सोलला.

मी मोजू लागले. एक, दोन, अडीच. तीन. चार. मी अकरापर्यंत मोजलं. आईने चेहरा डब्यावर धरला होता, आम्हाला फक्त तिचे केस दिसत होते.

मग ती वर न बघता म्हणाली, "शेतात कोण कोण आलं होतं?"

आणखी थोड्या वेळाने म्हणाली, "धार वरून आहे. लावलेल्या झाकणातून कशी घातलीत हो तुम्ही?"

आई परत आली तेव्हा मी अकरा वर्षांची झाले होते. डबा तिथे कशाला तरी कामी आला, झाकण तेवढं तिने आणलं. ते अजून माझ्याजवळ आहे. आई नाही, पप्पा नाहीत, चिकट्याचे हात कुठल्याशा शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत असं ऐकते. झाकण मी कधीतरी नाकाशी धरते. कशाचाच वास येत नाही. येणारही नाही, ते उघडून झालेलं आहे.

पण परवा माझी पणती आली होती, नऊ वर्षांचीच. तिचा बाबा मंगळाकडे निघाला आहे. जाऊन यायला तीन वर्षं. आणि तिथे रिकामा डबा टाकूनही चालत नाही, वितळवून त्याचं दुसरं काही करावं लागतं. वर्ख आणि प्लास्टिक असे थर एकमेकांना चिकटलेले असले की ते वेगळे करणं फार कठीण. तेव्हा डबा आणि झाकण एकाच जातीचं हवं, वास अडवणारं हवं आणि वाफही सोसणारं हवं. असं अजून कोणाला जमलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला तरी जमेल.

ती म्हणाली, "पणजी, मला पारदर्शक पाहिजे. बाबाला दिसलं पाहिजे."

मी तिला नाही म्हटलं नाही. करंज्यांचं पीठ मळायला घेतलं आणि तिला शेजारी बसवलं. ती सारण भरू लागली. मी दुसरीकडे बघत होते, तरी माझ्या तोंडून आलंच, "कडेला लागू देऊ नको गं."

"तुला न बघता कसं कळलं?" ती म्हणाली.